राखीव अँटिबायोटिकचे नियम : कोल्हापुरातल्या छोट्या हॉस्पिटलांनी बनवायचे कसे, चालवायचे कसे

राजारामपुरी म्हणा, शाहूपुरी म्हणा, कोल्हापुरात वीस-तीस बेडची हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या कपाटात अँटिबायोटिक पॉलिसीची एक फाईल असतेच. बऱ्याचदा ती कुठल्यातरी पाचशे बेडच्या हॉस्पिटलची पीडीएफ असते, वरचं नाव तेवढं बदललेलं, आणि आत लिहिलेलं असतंय की राखीव अँटिबायोटिक (म्हणजे साध्या औषधांनी भागत नसेल तेव्हाच वापरायची) लिहिण्याआधी इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टची परवानगी घ्या. आता तो माणूस बिल्डिंगमधे नाहीच तर परवानगी कुणाची घ्यायची? मग कुणीच घेत नाही, फाईल एनएबीएचवाले (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) तपासायला आले की बाहेर येते आणि ते गेले की परत आत. मी अशाच साइजच्या हॉस्पिटलची फार्मसी बघतो, त्यामुळं खाली जे लिहितोय ते आरएमओ (हॉस्पिटलात ड्युटीवर असणारे डॉक्टर), सिस्टर आणि फार्मसीवाल्यांना रोजच्या रोज चालवता येईल एवढंच आहे. मोठ्या सरांनी वाचलं तर उत्तमच.

एक गोष्ट आधीच सांगतो. राखीव औषध सुरू कोण करतंय यावरून एवढे घोळ होत नाहीत, बंद कोण करणार यावरून होतात. सुरू करायला रात्री दोन वाजता सगळे तयार असतात, बंद करायचं म्हटलं की "सर राउंडला आले की बघू", आणि सर असतात दोन, सर्जन म्हणतात फिजिशियननी लिहिलंय, फिजिशियन म्हणतात पेशंट सर्जनचा आहे, यात आठवडा जातो. म्हणून नियम बनवताना सगळा जोर परवानगीवर घालवू नका, तिसऱ्या दिवशी सकाळी काय होणार यावर लावा.

आता यादी. बरेच जण म्हणतात आमच्याकडं एच-वन रजिस्टर आहे की, मग वेगळी यादी कशाला? शेड्यूल एच-वन हा विक्रीचा नियम आहे. त्याचं नोटिफिकेशन ऑगस्ट २०१३ मधे निघालं, १ मार्च २०१४ पासून लागू झालं, मूळ यादीत ४६ औषधं. त्यात सेफिक्झिम आहे, सेफ्ट्रायझोन आहे, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, टीबीची औषधं, आणि शिवाय अल्प्राझोलाम, ट्रामाडोल असली अँटिबायोटिक नसलेली पण. म्हणजे घसा दुखतोय म्हणून लिहिलेली सेफिक्झिमची गोळी आणि आयसीयूतलं मेरोपेनेम एकाच ओळीत बसलंय, आणि कोलिस्टिन, लिनेझोलिड ही त्या मूळ यादीत नाहीतच. ते रजिस्टर ठेवायचंच आहे, पण त्यावरून वॉर्डात काय राखीव हे ठरत नाही.

त्यासाठी डब्ल्यूएचओची अवेअर यादी हाताशी घ्या. २०१७ साली पहिल्यांदा आली, औषधांचे तीन गट केलेत : अॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अॅमॉक्सिसिलिन, डॉक्सीसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन, जेंटामायसिन, अॅमिकासिन, सेफाझोलिन ही अॅक्सेसमधली. सेफ्ट्रायझोन, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, व्हँकोमायसिन वॉचमधली. कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन बी, लिनेझोलिड, टिगेसायक्लिन, डॅप्टोमायसिन, सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम ही रिझर्व्ह. २०२४ च्या सप्टेंबरमधे युनोत देशांनी मान्य केलंय की २०३० पर्यंत माणसांना दिली जाणारी ७० टक्के अँटिबायोटिक अॅक्सेस गटातली असावीत. आपल्या कुठल्याही वॉर्डाचा इंडेंट (फार्मसीकडं केलेली औषधांची मागणी) उघडून बघा म्हणजे आपण कुठं आहोत कळतंय.

पण राखीव औषध लिहिताना जो फॉर्म भरून घ्यायचा त्याला ही यादी आहे तशी जोडू नका. सगळ्या वॉच गटाला फॉर्म लावला तर सेफ्ट्रायझोनचेच ढीगभर फॉर्म येतील आणि सही करणारा न वाचता सह्या ठोकत बसेल, मग कोलिस्टिनचा फॉर्म पण त्याच ढिगात जाईल. माझं मत असं की फॉर्म मोजक्या औषधांनाच ठेवा, तीच आपली राखीव औषधं. मेरोपेनेम, इमिपेनेम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, व्हँकोमायसिन, टायकोप्लॅनिन यांना एका कन्सल्टंटची सही आणि फॉर्म. रिझर्व्ह गटातल्यांना दोघांची संमती, एक उपचार करणारा आणि दुसरा ज्याचा त्या पेशंटशी संबंध नाही असा. दुसरा माणूस हॉस्पिटलात नसला तरी चालतंय, लॅबचे मायक्रोबायोलॉजिस्ट (जंतूंचे तज्ज्ञ) किंवा ओळखीचे इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचे डॉक्टर) व्हॉट्सअॅपवर "हो" म्हणाले आणि ते वेळेसकट केसपेपरवर उतरवलं की झालं. फक्त ग्रुपवर पेशंटचं नाव टाकू नका, आयपीडी नंबर टाका, ग्रुपमधून स्क्रीनशॉट कुठं कुठं जातात सगळ्यांना माहिती आहे.

आणि हे सगळं हॉस्पिटलच्या मालकाच्या सहीनं लावा. तीन महिन्यांपूर्वी लागलेला आरएमओ सिनिअर सरांना "सर फॉर्म भरा" म्हणू शकत नाही, आणि त्यानं म्हणावं अशी अपेक्षा पण ठेवू नये. मालक डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटचा फॉर्म एकदा स्वतः भरून दिला की बाकीच्यांना सांगावं लागत नाही.

फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवा. भरलेला फॉर्म कसा दिसला पाहिजे ते दाखवतो, कारण रिकामे रकाने सगळ्यांकडं असतात :

"वजन ५८ किलो, क्रिएटिनिन १.६. डाव्या बाजूचा पायलोनेफ्रायटिस, युरेटरमधे स्टेंट आहे, बीपी ८०/५०. आधी बाहेर सेफ्ट्रायझोन चार दिवस झालंय. युरीन आणि दोन ब्लड कल्चर रात्री ११.४० ला घेतले. मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी. फेरविचार गुरुवारी सकाळी, डॉ. (नाव) करतील."

बघा, यात "सेप्सिस" एवढाच शब्द लिहून सुटका नाही, इन्फेक्शन शरीरात कुठं आहे ते लिहायला लागतंय (पायलोनेफ्रायटिस म्हणजे किडनीचं इन्फेक्शन). "ताप कमी येत नाही" हे पण कारण नव्हे. आणि शेवटच्या ओळीत वार आणि माणूस दोन्ही पाहिजेत. नुसतं "७२ तासांनी रिव्ह्यू" लिहिलं की तो रिव्ह्यू कुणाचाच नसतो.

रात्रीचा नियम मात्र एकदम साधा ठेवा : पहिला डोस कधीही अडवायचा नाही. बीपी पडलेला पेशंट आहे, तासाच्या आत अँटिबायोटिक आत गेलं पाहिजे, तिथं फार्मसीवाला फॉर्म मागत बसला तर त्याला कामावरून काढा. फॉर्म सकाळी राउंडला, चोवीस तासांच्या आत. पण एक गोष्ट रात्रीच होते, ती सकाळी करून उपयोग नसतो, ती म्हणजे कल्चर, जंतू शोधायला रक्त-लघवीचं सँपल घेणं. त्यासाठी आम्ही ब्लड कल्चरच्या बॉटल फार्मसीत मेरोपेनेमच्या शेजारच्याच खणात ठेवल्यात. फोन येतो, "दादा, सात नंबरला मेरो पाहिजे, अर्जंट." "पाठवतो. कल्चर घेतलं का ताई?" "सर घेतो म्हणालेत." "मग वायलबरोबर बॉटल पण पाठवतोय, आधी बॉटल मग वायल." भांडण नाही, लेक्चर नाही, कल्चरची बॉटल आणि इंजेक्शनची वायल दोन्ही एकाच ट्रेमधे जातात. कल्चरसाठी इंजेक्शन लांबवायचं नाही हे पण सिस्टरला सांगून ठेवा, शीर मिळेना म्हणून अर्धा तास गेला असं व्हायला नको.

कल्चर घेताना मोठ्या माणसाचं प्रत्येक बॉटलला ८ ते १० मिली रक्त, दोन वेगवेगळ्या जागांवरून, आणि सलाईन चालू असलेल्या हातातून नको. ब्लड कल्चरची बॉटल फ्रीजमधे ठेवायची नाही, बाहेर रूम टेंपरेचरलाच. युरीन उलट, दोन तासांत लॅबला पोचत नसेल तर फ्रीजमधे. हे उलटसुलट नेहमी होतं, म्हणून फ्रीजच्या दारावरच चिकटवा. आपल्यातल्या बहुतेकांची लॅब बाहेरची असते, तर लॅबवाल्यांशी आधीच बोलून घ्या की रविवारी आणि सणाच्या दिवशी सँपल कोण न्यायला येणार, आणि बॉटल पॉझिटिव्ह लागली की छापील रिपोर्टची वाट न बघता ग्रॅम स्टेनचा (जंतू साधारण कुठल्या प्रकारचा ते दाखवणारी पहिली तपासणी) निकाल ड्युटीच्या मोबाइलवर फोन करून सांगायचा. हा एक फोन कधीकधी पूर्ण दोन दिवस वाचवतो.

रिपोर्ट आला की अजून एक खोड असते. खाली खाली वाचत जायचं आणि जिथं एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं) दिसेल ते लिहायचं. बऱ्याच रिपोर्टवर साध्या ई. कोलाय जंतूला पण तळाशी कोलिस्टिन, टिगेसायक्लिन छापलेलं असतं. लॅबला सांगा की वरची औषधं लागू पडत असतील तर खालची छापूच नका, त्याला सिलेक्टिव्ह रिपोर्टिंग म्हणतात, चांगली लॅब ऐकते. आणि कोलिस्टिनपुढं डिस्क टेस्टवरून एस लिहिलं असेल तर ते धरायचं नाही. डिस्क लावून कोलिस्टिनची टेस्ट भरवशाची होत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्युशन ही वेगळी टेस्ट लागते, आणि सीएलएसआयनं (लॅबच्या टेस्टचे निकष ठरवणारी अमेरिकी संस्था) २०२० पासून कोलिस्टिनला सेन्सिटिव्ह हा प्रकारच ठेवलेला नाही, फक्त इंटरमीडिएट किंवा रेझिस्टंट.

शिवाय जंतू वाढला म्हणजे इन्फेक्शन झालं असंही नाही. फॉलीज (लघवीची नळी) काढली आणि तिचं टोक कल्चरला पाठवलं, हे बंदच करा, त्यातून काहीही उगवतं आणि मग कुणीतरी त्याला उपचार लिहितं. लघवीचा त्रास नाही, ताप नाही, कल्चर तेवढं पॉझिटिव्ह, तर गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला पेशंट सोडून सहसा अँटिबायोटिक लागत नाही. थुंकीत कँडिडा (एक बुरशी) आला की घाबरायचं कारण नसतं.

आता तिसरा दिवस. फार्मसीनं राखीव औषध एकावेळी फक्त ७२ तासांपुरतंच द्यायचं. त्यापुढचा इंडेंट फेरविचार लिहिल्याशिवाय निघत नाही. इथं सावध, आपोआप औषध बंद करणारी सिस्टिम करू नका, मेंदूज्वराच्या पेशंटचा डोस कॉम्प्युटरनं गाळला असं होऊ शकतं. साठा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी फार्मसीतून फोन गेला पाहिजे, "सर, पाच नंबरचं मेरो उद्या सकाळपर्यंत आहे, काय करायचं?" आणि उत्तर तिन्हीपैकी एक पाहिजे : बंद, कमी ताकदीच्या औषधावर उतरवलं, किंवा चालू आणि शेवटची तारीख अमुक. "चालू ठेवा" एवढंच आलं तर तारीख विचारा. थोडं वाईट दिसतं, पण विचारा.

तारीख घालायला अंदाज पाहिजे म्हणून सांगतो. पेशंट सुधारत असेल तर बाहेरून आलेल्या न्यूमोनियाला बहुतेकदा ५ दिवस पुरतात, पायलोनेफ्रायटिसला ७, पोटातला पू नीट काढून टाकला असेल तर त्यानंतर ४ दिवस. रक्तात स्टॅफ ऑरियस हा जंतू आला तर मात्र कमीत कमी १४ दिवस, तिथं काटकसर नाही. बाकीचं आयसीएमआरच्या गाइडलाइनमधे बघा, ती फुकट मिळते आणि आपल्या देशातल्या जंतूंवर बेतलेली आहे. मोठ्या हॉस्पिटलचा अँटिबायोग्राम (कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता) आणून भिंतीवर लावू नका, सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या आयसीयूतले जंतू आणि तुमच्या प्रसूतिगृहातले जंतू एक नसतात. आपल्याच लॅबकडून आपल्याच पेशंटचा वर्षाचा हिशोब मागा, एका पेशंटचा पहिलाच जंतू धरायचा, आणि कुठल्या जंतूचे ३० तरी नमुने झाल्याशिवाय त्याची टक्केवारी काढायची नाही. तीसही होत नसतील तर दोन वर्षांचं एकत्र करा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला नाही की हात आपोआप वरच्या औषधाकडं जातो. आपल्या भागात तिथं थांबून बघायला पाहिजे. पावसाळ्यात आणि नंतर, शेतात, गोठ्यात, उसात काम करणारा पेशंट, ताप आहे, प्लेटलेट कमी, लिव्हर थोडं बिघडलंय, आणि सेफ्ट्रायझोनला दाद देत नाही. त्याला मेरोपेनेमवर चढवण्याआधी कपडे काढून बघा, काख, जांघ, कमरेचा पट्टा, स्तनाखाली, कुठं काळी खपली आहे का. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, ती खपली त्याच चाव्याची) असला तर मेरोपेनेमचा काडीचा उपयोग नाही, त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखं पंचगंगेचं पाणी वस्तीत शिरलं की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंका पण ठेवायची, तिथं पण डॉक्सी कामाला येतं. सगळ्यात स्वस्त गोळी आहे ती, म्हणूनच कदाचित कुणाला लिहावीशी वाटत नाही.

औषधागणिक काही खाचाखोचा आहेत, त्या फॉर्मच्या मागच्या बाजूला छापून टाका. कोलिस्टिनचे आकडे सगळ्यात घातक, कारण एक कंपनी युनिटमधे लिहिते, दुसरी मिलिग्रॅममधे, आणि मिलिग्रॅममधे पण दोन हिशोब आहेत : १० लाख युनिट म्हणजे कोलिस्टिनच्या सॉल्टचे (कोलिस्टिमेथेट) अंदाजे ८० मिग्रॅ आणि कोलिस्टिन बेसचे अंदाजे ३३. म्हणून ऑर्डर फक्त युनिटमधेच घ्यायची. लोडिंग डोस (पहिला मोठा डोस) साधारण ९० लाख युनिट, आणि किडनी बिघडलेली असली तरी लोडिंग कापायचा नाही, कापायचा तो पुढचा. मेरोपेनेम लिहिताना पेशंट फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेतोय का बघा, मेरोपेनेमनं रक्तातलं व्हॅल्प्रोएट धाडकन खाली येतं आणि फिट येऊ शकते. मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चालू असताना सोबत मेट्रोनिडाझोल सहसा लागत नाही, एकाच कामाला दोन माणसं. टिगेसायक्लिन लघवीच्या आणि रक्तातल्या इन्फेक्शनला नको, डॅप्टोमायसिन न्यूमोनियाला चालत नाही कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंट ते निकामी करतं. लिनेझोलिड दोन आठवड्यांपुढं गेलं तर प्लेटलेट बघत राहा. आणि टीबीची शंका असेल तर थुंकीची तपासणी झाल्याशिवाय लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सीफ्लॉक्सासिन नको, ती टीबीवर अर्धवट काम करतात, पेशंटला चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर पुढं जातं.

सर्जन मंडळींशी एकच बोलणं करा. साध्या ऑपरेशनला सेफाझोलिन २ ग्रॅम, चीर देण्याआधी तासाभराच्या आत, ऑपरेशन चार तासांवर गेलं तर अजून एक डोस, आणि चोवीस तासांनंतर काही नाही. "टाके काढेपर्यंत चालू" हे कुठल्याच गाइडलाइनमधे नाही. ऐकतील लगेच असं नाही. आधी एकाच ऑपरेशनपासून सुरू करा, हर्निया घ्या, आणि जखमा पिकतात का त्याची वही त्यांनाच लिहायला सांगा.

नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, हाय अँटिबायोटिक चालू केलं न्हवं का?" गावाकडनं चार माणसं आलेली असतात, एक जण मुंबईहून फोनवर असतो. आरएमओनं घाबरून "हो हो" म्हणू नये. सरळ सांगायचं : कुठला जंतू आहे ते बघायला रक्त पाठवलंय, तोपर्यंत मोठं औषध चालू आहे, रिपोर्ट आला की त्याच जंतूचं नेमकं औषध देणार, ते कदाचित साधं आणि स्वस्त असेल आणि जास्त चांगलं लागू पडेल. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर तिसऱ्या दिवशी औषध उतरवताना "पैसे कमी पडले म्हणून बदललं काय" असं कुणी म्हणत नाही.

बाहेरून रेफर होऊन येणारे पेशंट, गडहिंग्लज-चंदगडकडचे असोत की घाट चढून कोकणातून आलेले, त्यांच्या कागदावर पुष्कळदा नुसतं "इंजेक्शन अँटिबायोटिक दिलं" एवढंच असतं. तिथल्या हॉस्पिटलला फोन लावा, नाही लागला तर नातेवाईकांकडची मेडिकलची बिलं मागा. बिलात औषधाचं नाव, तारीख, वायलची संख्या सगळं असतं, रेफर लेटरपेक्षा भरवशाचं.

डिस्चार्जच्या वेळी मेडिकलवाल्याला काय लागतं तेही नीट द्या. चिठ्ठीवर तारीख, सही, पेशंटचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती गोळ्या, हे कायद्यानंच पाहिजे. एच-वनचं औषध असेल तर दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमधे डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचंय आणि ते तीन वर्षं जपायचंय, एफडीएचे इन्स्पेक्टर मागू शकतात. डॉक्टरनं परत द्या असं लिहिलं नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचं नाही. त्यामुळं "५ दिवस" लिहा, "चालू ठेवा" लिहू नका. आणि मेरोपेनेमचा कोर्स पूर्ण झाला असेल तर घरी जाताना वर पाच दिवस सेफिक्झिम कशासाठी, हे फार्मसीनं विचारायचंच.

महिन्याअखेर फार मोठा हिशोब नको. किती पेशंटना राखीव औषध लागलं, किती जणांचं कल्चर पहिल्या डोसच्या आधी गेलं, किती जणांचा फेरविचार ठरल्या दिवशी झाला, एवढे तीन आकडे काढून ड्युटीरूममधे लावा, डॉक्टरांची नावं न टाकता.

आणि आयसीयूचं कपाट महिन्यातून दोनदा उघडून बघा. पेशंट गेला, डिस्चार्ज झाला, औषध बदललं, उरलेल्या वायल सिस्टर "लागतील कधीतरी" म्हणून आत ठेवून देतात, आणि हेतू चांगलाच असतो. पण फॉर्म, ७२ तास, फोन हे सगळं फार्मसीच्या खिडकीवर आहे, कपाटातल्या मेरोपेनेमला यातलं काहीच लागत नाही. न उघडलेली वायल त्याच दिवशी परत, पेशंटच्या बिलातून वजा, एक्सपायरी बघून पुन्हा साठ्यात. नातेवाईकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली असेल तर बिलासकट त्यांच्या हातात द्या, परत करतील.